अश्वशक्ति: साडेचोविसांची चाळीस कशी झाली?

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं शाळा सुटल्यावर आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले. त्यांच्या एका हातांत निथळती छत्री होती आणि दुसऱ्या हातांत एका मोटारसायकलीचें रंगीत माहितीपत्रक. त्यांचा थोरला मुलगा नुकताच नोकरीस लागला आहे. त्याच्यापाशीं २०१९ सालीं घेतलेली रॉयल एन्फील्डची ‘हिमालयन’ गाडी आहे. ती विकून व वर कर्ज काढून त्याच नांवाची नवी गाडी घ्यावी, असा त्याचा हट्ट होता. “सर,” ते म्हणाले, “नांव तेंच, चाकें दोनच, बनविणारेही तेच. मग जुनीस साडेचोवीस अश्वशक्ति आणि नवीस चाळीस, हे साडेपंधरा घोडे आले कोठून? आणि आले ते आमच्या कामाचे आहेत, कीं नुसते कागदावर धांवणारे?”

कार्य, ऊर्जा आणि शक्ति हा धडा मी कित्येक वर्षें फळ्यावर शिकवीत आलों आहें. तरीही त्या सायंकाळीं मला नेमकें उत्तर देतां आलें नाहीं. मीं दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशीं तो प्रश्न जसाच्या तसा नववीच्या वर्गापुढें ठेवला. एरव्हीं शेवटच्या तासाला पेंगणारा वर्ग एकदम जागा झाला. या गाड्यांचे आंकडे मुलांना तोंडपाठ होते. परंतु त्या आंकड्यांचा अर्थ काय, असें विचारतांच जो तो शेजाऱ्याकडे पाहूं लागला. त्या व त्यापुढील दोन तासांत आम्हीं जें शोधून काढलें, तें येथें लिहीत आहें.

प्रथम गाडीची थोडी माहिती. डोंगरवाटांसाठीं बनविलेली पहिली हिमालयन २०१६ सालीं आली. तिचें इंजिन ४११ सी. सी. चें, एकाच सिलिंडरचें, हवेनें व तेलानें थंड होणारें होतें. आरंभीं तिला कार्ब्युरेटर होता. २०१७ सालीं धुराचे नवे नियम लागू झाले, तेव्हां कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोलाचा फवारा सोडणारी रचना आली. २०२० सालीं नियम आणखी कडक झाले आणि पुन्हा सुधारणा झाली. हे दोन्ही बदल धूर स्वच्छ करण्यासाठीं होते. शक्ति जवळजवळ होती तेवढीच राहिली. खरा पालट झाला तो नोव्हेंबर २०२३ मध्यें. त्या महिन्याच्या २४ तारखेस गोव्यांतील मेळाव्यांत जी नवी हिमालयन किमतीसह लोकांपुढें आली, तिचें इंजिन जुन्याची सुधारलेली आवृत्ति नव्हतें. तें मुळापासून नवें होतें. ४५२ सी. सी., पाण्यानें थंड होणारें, चार झडपांचें, आणि सोबत पांचांच्या जागीं सहा गिअर.

आतां घोड्यांचा शोध घेऊं. इंजिन पेट्रोलवर चालतें असें आपण म्हणतों, परंतु हिशेब करावयाचा तर तें हवेवर चालतें असें समजणेंच सोयीचें. एक ग्रॅम पेट्रोल पुरतें जाळावयास सुमारें पावणेपंधरा ग्रॅम हवा लागते. पेट्रोल हवें तेवढें ओतणें सोपें आहे. हवा आंत घेणें अवघड आहे. म्हणून शक्ति वाढवावयाची म्हणजे दर मिनिटास अधिक हवा आंत घ्यावयाची आणि तिच्यांतून अधिक काम काढावयाचें. त्याला वाटा तीनच: पोट मोठें करणें, घास भरभर घेणें, आणि प्रत्येक घास अधिक भरलेला घेऊन तो चांगला पचविणें. वर्गांतील एका मुलीनें ही जेवणाची उपमा काढली. ती मला पुस्तकांतल्या व्याख्येहून बरी वाटली.

पोटाचा हिशेब सरळ आहे. जुन्या सिलिंडरचा व्यास ७८ मिलिमीटर आणि पिस्टनची धांव ८६ मिलिमीटर. नव्याचा व्यास ८४ आणि धांव ८१.५. वर्तुळाच्या क्षेत्रफळास धांवेनें गुणलें म्हणजे एकीकडे ४११ आणि दुसरीकडे सुमारें ४५२ घनसेंटीमीटर येतात. भागाकार १.१०. म्हणजे दहा टक्के वाढ पोटामुळें.

जुनें इंजिन आपली सर्वाधिक शक्ति मिनिटास ६५०० फेऱ्यांवर देई. नवें ती ८००० फेऱ्यांवर देतें. भागाकार १.२३. पण शक्तींचा भागाकार, ४० भागिलें २४.५, हा १.६३ आहे. त्याला १.१० नें व मग १.२३ नें भागलें कीं उरतात सुमारें १.२०. तेव्हां चाळिसांची फोड अशी झाली: १.१० पोटाचे, १.२३ वेगाचे, आणि १.२० भरलेल्या घासाचे व पचनाचे. तिघांचा गुणाकार करून पाहा. फळ्यावर ही फोड मांडल्यावर वर्गांतील एकजण म्हणाला, “म्हणजे सर, गाडी मोठी झाली म्हणून शक्ति वाढली, हें फारसें खरें नाहीं.” नाहींच. सी. सी. वाढल्या त्या थोड्या; बाकीची कमाई निराळी आहे, आणि तिची किंमतही निराळी आहे.

वेगाची गोष्ट आधीं घेऊं. जुन्या इंजिनालाच ८००० फेरे कां घ्यावयास लावूं नयेत? मिनिटास ६५०० फेरे म्हणजे सेकंदास १०८. प्रत्येक फेऱ्यांत पिस्टन एकदां वर व एकदां खालीं, म्हणजे १७२ मिलिमीटर जातो. गुणाकार केला तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदास १८.६ मीटर येतो. तीच धांव ठेवून ८००० फेरे घेतले असते तर तो २२.९ मीटर झाला असता. आणि ही नुसती सरासरी. पिस्टन प्रत्येक टोंकास क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. त्या थांबण्या-उलटण्यांत त्याच्यावर व त्याच्या दांड्यावर पडणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. फेरे सव्वापट झाले तर ताण दीडपटीहून अधिक. म्हणून नव्या इंजिनांत धांव साडेचार मिलिमीटरनें आंखूड केली आणि व्यास वाढविला. त्यामुळें ८००० फेऱ्यांवरही पिस्टनचा सरासरी वेग २१.७ मीटरांवर राहिला.

येथें एका रूढ समजुतीविषयीं लिहिणें भाग आहे, कारण मीही तिला बळी पडलों होतों. “धांव लांब तर पीळ जास्त, म्हणून डोंगरास लांब धांवेचें इंजिनच हवें,” असें दुरुस्तीच्या दुकानांत नेहमीं ऐकूं येतें. पीळ म्हणजे ज्याला गाडीवाले टॉर्क म्हणतात तो फिरविण्याचा जोर. तो कळावयास घरचें जातें पुरे. खुंटा कडेला असला तर जातें सहज फिरतें. मधोमध आणला तर दोन बायकांनाही आटपत नाहीं. जोर आणि मध्यापासूनचें अंतर यांचा गुणाकार म्हणजे पीळ. लांब धांवेच्या इंजिनांत खुंटा मध्यापासून दूर असतो, इतकें खरें. पण त्याच मापाच्या इंजिनांत धांव लांब केली तर व्यास लहान करावा लागतो. म्हणजे पिस्टनचा माथा लहान आणि त्यावरील एकूण जोरही कमी. जेवढें अंतरांत मिळविलें तेवढें जोरांत गमावलें. दाब सारखा असेल तर पीळ ठरतो तो एकूण मापावर, धांवेच्या लांबीवर नव्हे. लांब धांव काय ठरविते, तर इंजिन किती वेगानें सुखानें फिरूं शकेल हें. जुन्या गाडीचा हळू चालींतील तो प्रसिद्ध संथ जोर हा शांत श्वासोच्छ्वास, कमी फेऱ्यांसाठीं बेतलेल्या झडपा व जड चक्र यांच्या जुळणींतून आलेला होता. एकट्या लांब धांवेचें तें पुण्य नव्हे. हें मला कागदावर आंकडे मांडल्यावरच पटलें.

आतां तिसरा वांटा, घास भरून घेण्याचा. मुलांना मीं कंपासनें एक वर्तुळ काढावयास सांगितलें आणि त्यांत दोन सारखीं वर्तुळें जितकीं मोठीं मावतील तितकीं काढावयास लावलीं. तीं दोन मिळून मोठ्या वर्तुळाचा बरोबर अर्धा भाग व्यापतात. मग तशाच दुसऱ्या वर्तुळांत चार सारखीं काढविलीं. तीं चार मिळून सुमारें ६९ टक्के व्यापतात. हें मोठें वर्तुळ म्हणजे सिलिंडरचा माथा आणि लहान वर्तुळें म्हणजे झडपा. जुन्या इंजिनास दोन झडपा होत्या, नव्यास चार आहेत. दारें लहान पण संख्येनें अधिक, म्हणून एकूण वाट रुंद; शिवाय प्रत्येक झडप हलकी, म्हणून ती जलद उघडते व मिटते. हवेला आंत शिरावयास वेळ थोडा असतो, तेथें याचा लाभ होतो.

एकट्या झडपांनीं किती मिळतें याचें एक सुरेख उदाहरण दुसऱ्याच एका डोंगरी गाडीनें घालून दिलें आहे. हीरो कंपनीच्या एक्सपल्स २०० या गाडीस २०२१ च्या ऑक्टोबरांत दोहोंऐवजीं चार झडपा बसविल्या. सिलिंडरचा व्यास ६६.५, धांव ५७.५, माप तेंच. सर्वाधिक शक्तीचे फेरेही ८५०० च. शक्ति वाढली सुमारें ६ टक्के, पीळ सुमारें ५ टक्के. प्रयोगशाळेंत आम्ही सांगतों कीं एका वेळीं एकच गोष्ट बदला, म्हणजे कारण कळतें. कारखान्यानें तो प्रयोग आमच्यासाठीं जवळजवळ करूनच ठेवला आहे. मोठ्या व अधिक वेगाच्या इंजिनांत लाभ यापेक्षां पुष्कळ अधिक होतो, कारण श्वास कोंडण्याची तक्रार वेगाबरोबर वाढत जाते.

मग पचन. सायकलचा पंप तोंड दाबून जोरानें मारा. खालचें टोंक गरम लागेल. दाबलेली हवा तापते, आणि दाबलेल्या मिश्रणाच्या जळण्यांतून काम अधिक निघतें. जुनें इंजिन मिश्रण साडेनऊपट दाबी. नवें साडेअकरापट दाबतें. पुस्तकांतील आदर्श इंजिनाच्या सूत्रांत हे आंकडे घातले तर कार्यक्षमता ५९ वरून ६२ टक्क्यांवर जाते. प्रत्यक्षांतलें इंजिन त्याच्या निम्म्याच्याच आसपास पोंचतें, परंतु वाढीचें प्रमाण साधारण तेंच, म्हणजे पांच टक्के, धरण्यास हरकत नाहीं. आमच्या १.२० पैकीं एवढा वांटा दाबाचा.

मग जुन्या इंजिनांतच हवा अधिक कां दाबली नाहीं? कारण उष्णता. मिश्रण फार तापलें तर ठिणगीनें लागलेली ज्योत पोंचण्याची वाट न पाहतां त्याचा कांहीं भाग आपोआप भडकतो आणि पिस्टनवर हातोड्यासारखे घाव बसतात. गाडी ओझें घेऊन चढ चढतांना जो टक्टक् आवाज येतो तो हाच. जुन्या इंजिनाच्या अंगावर पातळ पात्यांसारखे कंगोरे होते; वारा लागला कीं तें थंड होई. परंतु दगडगोट्यांच्या चढणीवर गाडी पायीं चालणाऱ्याच्या वेगानें जाते. इंजिन राबतें सर्वांत अधिक आणि वारा लागतो सर्वांत कमी. नव्या इंजिनाभोंवतीं पाणी खेळतें, तें रेडिएटरांत जाऊन थंड होतें, आणि गाडी उभी असली तरी पंखा वारा घालतो. पाणी आलें म्हणून दाब वाढवितां आला, आणि शिवाय फेऱ्यांनीं वाढलेली उष्णताही वाहून नेतां आली. एक सुधारणा दुसरीच्या खांद्यावर उभी आहे. त्यांतील एकच उचलून जुन्या इंजिनावर चिकटवितां येत नाहीं.

इतकें असूनही नव्या गाडीचें वजन इंधन-तेलासह १९६ किलो, म्हणजे जुनीच्या शेवटच्या आवृत्तीच्या १९९ किलोंहून किंचित् कमीच आहे. ही मला सर्वांत कौतुकाची गोष्ट वाटते, जरी जाहिरातींत ती चाळीस या आंकड्याच्या मागें लपलेली असते.

माझें एक गाऱ्हाणें मात्र आहे. नव्या गाडींत मुठीपासून इंजिनापर्यंत जाणारी तार नाहीं. मूठ किती फिरली तें एक विद्युत्-यंत्र ओळखतें आणि दुसरें यंत्र हवेचें दार उघडतें. त्यामुळें काम नेमकें होतें, यांत शंका नाहीं. पण पूर्वी तार तुटली तर घाटांतला कोणताही मिस्त्री सुतळीच्या साहाय्यानेंसुद्धां गाडी घरापर्यंत पोंचवी. आतां रेडिएटरास दगड लागला, किंवा हीं विद्युत्-यंत्रें रुसलीं, तर त्या मिस्त्र्याच्या हातीं फार थोडें उरतें. ज्याला दूर व एकटें जावयाचें आहे त्यानें हा खर्चही हिशेबांत धरावा.

त्या गृहस्थांचा दुसरा प्रश्न राहिला: हे घोडे कामाचे आहेत का? त्यासाठीं वर्ग मनानें लडाखांत गेला, कारण थोरल्या चिरंजिवांस तेथेंच जावयाचें होतें. खार्दुंग ला या खिंडीच्या पाटीवर पुष्कळ वर्षें १८,३८० फूट उंची लिहिलेली असे. मोजणीअंतीं ती सुमारें १७,५८० फूट, म्हणजे ५,३५९ मीटर ठरली आहे. पाटीवरचे आंकडेसुद्धां तपासून घ्यावे लागतात! त्या उंचीवर हवेची घनता समुद्रकांठच्या सुमारें ५८ टक्के असते. हवाच कमी, म्हणून शक्ति त्या प्रमाणांत कमी. नवीचे चाळीस घोडे तेथें सुमारें तेवीस होतात आणि जुनीचे साडेचोवीस सुमारें चौदा. म्हणजे नवी गाडी खिंडीच्या माथ्यावर जेवढी बलवान्, जवळजवळ तेवढी जुनी गाडी आपल्या कोंकणांत असे. हा फरक खरा आहे. मागें सोबती व सामान असेल तर तो पाठीलाच कळतो.

परंतु चौदा घोड्यांनीं खिंड चढतां येत नाहीं काय? येते, जुन्या गाडीवरून ती हजारोंनीं चढली आहे. कारण बिकट वाटेवर कोणी ८००० फेरे घेत नाहीं. तेथें काम असतें दोन-तीन हजार फेऱ्यांवर, आणि चाकावर पोंचणारा पीळ गिअर वाढवून देतो. जुनीचा सर्वाधिक पीळ ३२ न्यूटन-मीटर, तो ४००० ते ४५०० फेऱ्यांवर मिळे. नवीचा ४०, तो ५५०० वर मिळतो. नवीच्या पिळाचा नव्वद टक्के भाग ३००० फेऱ्यांपासूनच हातीं येतो असें निर्माते सांगतात, आणि तसें असेल तर तेथेंही ती जुनीच्या पुढेंच आहे. ३००० च्या खालीं मात्र, जेथें गाडी नुसती रांगते, तेथें जुनी अधिक समजूतदार होती, असें दोन्ही चालविलेले अनेकजण म्हणतात. म्हणजे त्या साडेपंधरा घोड्यांपैकीं बहुतेक मोठ्या रस्त्यावर, ओझें घेऊन, वेगानें जातांना भेटतात. खडकाळ वाटेवर त्यांतले थोडेच बाहेर येतात.

पुढच्या रविवारीं वडील आणि थोरले चिरंजीव दोघेही माझ्या घरीं आले. मीं सल्ला दिला नाहीं. चिरंजिवांपुढें कागद व पेन्सिल ठेवली. तीन गुणक त्यानें स्वतः काढले. मग तो आपण होऊन दुसरा हिशेब मांडूं लागला: आपण वर्षांतून किती दिवस ४००० फेऱ्यांच्या वर जातों, आणि कर्जाचा हप्ता किती. नोकरीचें ठिकाण गांवापासून बारा मैल, मध्यें एक लहानसा घाट. कागद बराच वेळ त्याच्यापुढें पडून होता. जातांना तो एवढेंच म्हणाला, “सर, इंजिन फार चांगलें बनविलें आहे हो.” “मीं कोठें नाहीं म्हटलें?” मी म्हणालों. कर्जाचा अर्ज एक वर्ष पुढें गेला, असें वडिलांकडून नंतर कळलें. माहितीपत्रक मात्र त्यानें घडी करून स्वतःपाशीं ठेवलें आहे. त्याचा धाकटा भाऊ, आमचा विद्यार्थी, आतांपासूनच ती जुनी गाडी आपल्याला मिळेल या आशेवर आहे. गिअरच्या गाडीचा परवाना अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून मिळत नाहीं, आणि अज्ञान मुलाच्या हातीं गाडी सांपडली तर २०१९ च्या कायद्याप्रमाणें दंड व शिक्षा पालकास होते, हें मीं त्यास वडिलांच्या देखत सांगून ठेवलें आहे.

हौशी विद्यार्थ्यांसाठीं एक उदाहरण देतों. पुण्याजवळ चाकण येथें बनणाऱ्या केटीएम ३९० ॲडव्हेंचर या गाडीस २०२५ च्या आरंभीं नवें इंजिन मिळालें. पूर्वीच्या इंजिनाचा व्यास ८९ मिलिमीटर, धांव ६०, शक्ति ४३.५, ती ९००० फेऱ्यांवर. नव्याचा व्यास तोच, धांव ६४. शक्ति ४६, ती ८५०० फेऱ्यांवर. हिमालयननें धांव कमी केली, हिनें वाढविली; दोघी विरुद्ध टोंकांकडून एकमेकींच्या थोड्या जवळ आल्या. वरील रीतीनें तिन्ही गुणक काढा. दुसरा गुणक एकाहून कमी येईल. तेथें चूक झाली असें समजून खोडूं नका, तो तसा कां आला तें दोन ओळींत लिहा आणि वही मला आणून दाखवा.